ऊसनोंदीची फाइल : तपासावी कशी, साफ करावी कशी?



गळीत हंगाम मध्यावर आला की गटऑफिसात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, "माझी तोड अजून का आली नाही?" आणि दुसरी, "बिल निघालं म्हणता, मग खात्यावर का पडलं नाही?" पूर्वी अशा तक्रारीचं मूळ शेतकी खात्याच्या जाड रजिस्टरात सापडत असे. खाडाखोड दिसायची, शाई वेगळी दिसायची, कुणाच्या हातची चूक तेही कळायचं. आता ऊसनोंद मोबाइलवर होते आणि तिथून ती फाइलीच्या रूपाने मुख्य कार्यालयाच्या संगणकात येते. चूक करणारा अजून माणूसच आहे. मात्र चूक आता अशा ठिकाणी जाऊन बसते की ती सहजासहजी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ही फाइल असते कशी, बिघडते कशी आणि साफ कशी करायची, हे सर्व सभासदांना ठाऊक असावे या हेतूने आम्ही हा लेख देत आहोत.

एका सभासदाची हकिकत

२०२४-२५ च्या हंगामात फेब्रुवारी महिन्यात आपले एक वयस्क सभासद गटऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, शेजाऱ्याची अन् माझी लागण एकाच आठवड्यातली. त्याचा ऊस जाऊन पंधरा दिवस झाले, माझा उभाच आहे. वजन घटायला लागलंय."

क्लार्कने नोंद काढून पाहिली. "आबा, तुमची लागण ऑगस्टची लागलीय. आडसाली. तुमचा नंबर पुढच्या हंगामात."

"ऑगस्टात? अहो, ऑगस्टात माझा ऊस डोक्याच्या वर गेला होता!"

आबांचे म्हणणे खरे होते. त्यांची लागण ८ जानेवारी २०२४ ची, म्हणजे सुरू हंगामातली. फाइलीत ती '०८/०१/२०२४' अशी होती. आपण आधी दिवस वाचतो, मग महिना. पण नोंद घेणाऱ्या मदतनिसाचा फोन नवीन होता आणि त्यावर तारखेची पद्धत अमेरिकन होती, आधी महिना, मग दिवस. त्यामुळे संगणकाने ८ जानेवारीची १ ऑगस्ट केली. सुरू उसाला साधारण बारा महिने लागतात, आडसालीला सोळा ते अठरा. संगणकाने हिशेबाने आबांची तोड डिसेंबर २०२५ च्या पुढे ढकलली. एका तारखेपायी उभा ऊस एक हंगाम मागे पडत होता.

यातली खरी गोम पुढेच आहे. त्याच फोनवरून आलेल्या काही नोंदी संगणकाने आधीच परत टाकल्या होत्या. कारण १३ तारखेपासून पुढची लागण असली की संगणकाला तेरावा, चौदावा महिना दिसतो, आणि असा महिना नसतोच. त्या परत आलेल्या नोंदी ऑपरेटरने हाताने दुरुस्त करून भरल्या आणि काम पुढे चालू ठेवले. 'असं का झालं?' हे कुणी विचारलं नाही. १ ते १२ तारखेच्या लागणी मात्र बिनबोभाट चुकीच्या होऊन आत गेल्या, कारण त्या दिसायला बरोबर होत्या.

भाकरीत खडा लागला तर घरची बाई नुसता खडा काढून गप्प बसत नाही. ती पिठाचा डबा बघते. तसंच इथे व्हायला हवं होतं. नंतर आम्ही त्या फोनवरच्या १ ते १२ तारखेच्या सर्व नोंदी काढल्या, एकेका सभासदाला विचारून पक्क्या केल्या आणि आबांचा ऊस खास नंबर देऊन नेला. तोवर झालेली घट मात्र भरून देता आली नाही.

फाइल म्हणजे आहे तरी काय?

आपली नोंद ज्या फाइलीतून येते तिच्या पद्धतीला 'जेसन' म्हणतात. अमेरिकेतील डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली. २०१३ साली तिचे अधिकृत मानक झाले आणि २०१७ मध्ये तिचे नियम पुन्हा एकदा पक्के करण्यात आले. आज जगात दोन संगणकांनी एकमेकांना माहिती द्यायची तर बहुतेक वेळा हीच पद्धत वापरतात. त्यात अवघड असे काही नाही. एक नोंद अशी दिसते :

{
"सभासद": "००४५२",
"गट": "१२/३",
"हंगाम": "सुरू",
"लागण": "२०२४-०१-०८",
"क्षेत्र_आर": ६०,
"जात": "को ८६०३२"
}

महिरपी कंस म्हणजे एक नोंदकार्ड. कार्डावर डाव्या हाताला खान्याचे नाव, मध्ये दोन टिंबे, उजव्या हाताला त्या खान्यातली माहिती. दोन खान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. अशी अनेक कार्डे चौकोनी कंसात बांधली की झाली मोळी. शब्दांना दुहेरी अवतरणचिन्ह लागते, आकड्यांना लागत नाही. (छपाईसाठी आम्ही वर आकडे मराठीत दिले आहेत. खऱ्या फाइलीत अवतरणाबाहेरचा आकडा इंग्रजी अंकांतच लागतो. मराठी '६०' तिथे आकडा म्हणून चालत नाही.)

इतकी सोपी गोष्ट, तर मग बिघडते कुठे? आमच्या अनुभवात बिघाड तीन थरांचा असतो. काट्यावर गाडी आली की आपण आधी स्लिप आहे का ते बघतो, मग स्लिप नीट भरली आहे का ते बघतो आणि मग स्लिपवरचा ऊस गाडीत आहे का ते बघतो. फाइलीचेही तसेच, आणि क्रमही तोच.

पहिला थर : मांडणीचा दोष

एखादा स्वल्पविराम राहिला, शेवटच्या खान्यानंतर एक जास्त पडला, कंस उघडला पण मिटला नाही, दुहेरी अवतरणाऐवजी एकेरी टाकले, एवढ्याने अख्खी फाइल संगणक वाचत नाही. पाचशे नोंदींत एक स्वल्पविराम चुकला तर पाचशेही अडतात. मोळीचा बंद सुटला की सगळाच ऊस रस्त्यावर, तसा हा प्रकार.

कधीकधी कुणी फाइल चिठ्ठी-पत्र लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून 'सेव्ह' करतो. तो प्रोग्रॅम सरळ अवतरणचिन्हांची सुबक वाकडी अवतरणचिन्हे करतो. आपल्या डोळ्यांना ती जास्त चांगली दिसतात, संगणकाला ती अवतरणे म्हणून कळतच नाहीत. तसेच '१,२५,०००' असा स्वल्पविराम घालून लिहिलेला आकडाही चालत नाही.

हा दोष त्रासदायक असला तरी धोक्याचा नाही, कारण तो लपत नाही. तपासणीचा प्रोग्रॅम 'अमुक ओळीवर अडलो' असे सांगतो. एक युक्ती मात्र आमच्या नव्या ऑपरेटरांनी ध्यानात ठेवावी. प्रोग्रॅम जी ओळ दाखवतो तिथे तो अडखळलेला असतो, चूक पुष्कळदा त्याच्या वरच्या ओळीत असते. वरच्या ओळीचा स्वल्पविराम राहिला तर तक्रार खालच्या ओळीवर येते.

दुसरा थर : खान्यांचा दोष

फाइल वाचली गेली, पण खाने बरोबर आहेत का? सभासद क्रमांकाचा खाना आहे का, लागणीच्या खान्यात तारीखच आहे का, क्षेत्राच्या खान्यात कुणी 'दीड एकर' असं अक्षरात तर लिहिलं नाही ना, हे बघावे लागते. हे नियम एकदा लिहून ठेवले की संगणकच प्रत्येक नोंद त्याला लावून बघतो. अशा नियमपत्राला 'जेसन स्कीमा' म्हणतात. आपण त्याला नोंदीचा साचा म्हणू.

या थरात तीन गोष्टींकडे खास लक्ष द्यावे लागते.

एक, मोकळा खाना आणि शून्य यांत फरक आहे. खोडव्याच्या क्षेत्रात शून्य लिहिले म्हणजे 'खोडवा नाही'. खाना मोकळा म्हणजे 'माहीत नाही'. साफसफाईच्या नावाखाली कुणी सगळ्या मोकळ्या जागी शून्य भरले, तर ज्यांची माहिती यायची आहे त्यांचा ऊसच नाहीसा होतो.

दुसरी, एकाच कार्डावर एकच खाना दोनदा आला तर बहुतेक प्रोग्रॅम शेवटचा धरतात आणि आधीचा गुपचूप सोडून देतात. पण सगळेच प्रोग्रॅम तसे वागतील याची खात्री नाही. गटऑफिसच्या संगणकावर एक क्षेत्र आणि मुख्य कार्यालयात दुसरे, असा घोळ यातून होऊ शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जे दिसायला आकडा आहे ते खरोखर आकडा असतेच असे नाही. सभासद क्रमांक, बँक खाते क्रमांक, मोबाइल नंबर यांची आपण बेरीज-वजाबाकी करत नाही. ती नावेच आहेत, फक्त अंकांत लिहिलेली. म्हणून ती अवतरणचिन्हांतच हवीत. आकडा म्हणून ठेवली तर '००४५२' चे '४५२' होते, सुरवातीची शून्ये गळतात. खाते क्रमांक सोळा अंकी असला तर आणखी भय. पुष्कळ प्रोग्रॅम ९००७१९९२५४७४०९९२ या संख्येपुढचे पूर्णांक अचूक धरू शकत नाहीत, शेवटचा अंक बदलू शकतो. एक्सेल तर पंधरा अंकच जपते, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवते. पैसे दुसऱ्याच खात्याच्या वाटेला लागतात, नाहीतर परत येतात.

एक्सेलची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. गट नंबर '१२/३' लिहिला की ते त्याची १२ मार्च करते. फार काय, कुणी खान्यात '७/१२' एवढेच लिहिले तर आपल्याकडच्या संगणकावर त्याची ७ डिसेंबर होते! सातबाऱ्याची तारीख झाली म्हणून हसू येईल, पण गट नंबर असा एकदा तारीख होऊन फाइलीत गेला की मूळचा काय होता हे नुसत्या फाइलीवरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून नोंदीची फाइल एक्सेलमध्ये उघडायची तर आधी ते खाने 'मजकूर' असे ठरवून मगच उघडायची, असा दंडक आम्ही घातला आहे.

तिसरा थर : अर्थाचा दोष

मांडणी बरोबर, खाने बरोबर, आणि माहिती चुकीची. आबांची हकिकत याच थरातली. इथे संगणक एकटा पुरा पडत नाही, त्याला शेतीची जाण असलेला माणूस जोडीला लागतो.

क्षेत्राचेच उदाहरण घ्या. सभासद सांगतो, "एक वीस." त्याच्या मनात एक एकर वीस गुंठे, म्हणजे साठ गुंठे असतात. मदतनीस '१.२०' लिहितो. संगणकाने ते दशांशात एकर धरले तर ४८ गुंठे होतात, बारा गुंठ्यांचा ऊस गायब. आणि सातबाऱ्याप्रमाणे हेक्टर-आर धरले तर १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ ११९ गुंठे, दुपटीच्या घरात. तीन माणसे, तीन अर्थ, आकडा एकच. म्हणून वरच्या नमुन्यात खान्याचे नावच 'क्षेत्र_आर' असे ठेवले आहे. मापाचे नाव खान्यात असले की वाद उरत नाही. तारखेचेही तसेच. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने '२०२४-०१-०८' असे लिहायचे ही जगन्मान्य पद्धत आहे आणि तिचा दुसरा अर्थ निघत नाही.

प्लॉटची जागा उपग्रहावरून घेतो, तिथेही असाच घोटाळा होतो. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, मग रेखांश. नकाशासाठी जेसनची जी 'जिओजेसन' नावाची पद्धत आहे, तिच्यात आधी रेखांश, मग अक्षांश. आपला भाग १७ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व असा आहे. उलटापालट झाली तर प्लॉट ७४ अंश उत्तरेला, नॉर्वेच्याही पलीकडे थंडगार समुद्रात जाऊन पडतो. ही चूक पकडायला सोपी आहे. कार्यक्षेत्राच्या चारी सीमा संगणकाला सांगून ठेवाव्यात, बाहेर पडणारा प्लॉट तो लगेच दाखवतो.

मराठी अक्षरांचाही एक प्रश्न आहे. 'कऱ्हाड' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्या तऱ्हेत साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारी खूण घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. मग एका तालुक्याचे दोन तालुके होतात आणि बेरीज जुळत नाही. बुद्रुकचे 'बु.', 'बुद्रूक', 'बुद्रुक' असे होते ते निराळेच. यावर उपाय म्हणजे गावाचे नाव टाइप करूच नये. गावाचा कोड यादीतून निवडावा, नाव आपोआप यावे.

साफसफाईचे आमचे नियम

चूक सापडली की ती पुसून टाकावी असे कुणालाही वाटते. पण उसाच्या बांधावरचं तण काढताना ऊसही छाटला जातो, तसे इथेही होते. म्हणून पुढील नियम आम्ही पाळतो.

१) मूळ फाइलीला हात लावायचा नाही. ती जशी आली तशी ठेवायची. दुरुस्ती नकलेवर करायची. गट नंबराची तारीख झाली तरी मूळ फाइल असली म्हणजे माघारी जाता येते.

२) आधी मोजणी, मग सफाई, मग पुन्हा मोजणी. आधी किती नोंदी होत्या, एकूण किती आर क्षेत्र होते, नंतर किती राहिले, हे लिहून ठेवायचे. फरक पडला तर प्रत्येक नोंदीचे कारण देता आले पाहिजे.

३) दुबार नोंद घाईने काढायची नाही. रेंज गेली आणि मदतनिसाने दोनदा 'पाठवा' दाबले तर एकच प्लॉट दोनदा येतो, हे खरे. पण एकाच गटात एकाच सभासदाचा आडसालीचा एक आणि खोडव्याचा एक असे दोन प्लॉट असू शकतात. एका गावात एकाच नावाचे दोन पाटीलही असू शकतात. सभासद क्रमांक, गट, हंगाम, लागणीची तारीख, क्षेत्र आणि जागा हे सगळे जुळले तरच दुबार म्हणायचे.

४) अंदाजाने भरायचे नाही. 'बहुतेक असेच असेल' ही दुरुस्ती नव्हे. ज्याची नोंद त्याला विचारायचे. बँकेच्या आयएफएससी क्रमांकात अकरा अक्षरे असतात आणि पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी 'ओ' दिसला तर तो शून्य करायला हरकत नाही, कारण तो नियमच आहे. पण शेवटच्या सहांत तसा संशय आला तर पासबुक बघितल्याशिवाय बदल करायचा नाही.

५) प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवायची. जुने काय होते, नवे काय केले, कुणी, कधी, कुणाला विचारून. जुन्या रजिस्टरात खाडाखोडीवर सही घेत असत, तीच शिस्त.

६) एकच चूक वारंवार आली तर फाइल धूत बसायचे नाही, उगमाकडे जायचे. आबांच्या प्रकरणानंतर मोबाइलवर तारीख टाइप करण्याची सोयच आम्ही काढून टाकली. आता कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख निवडावी लागते आणि खाली अक्षरांत '८ जानेवारी २०२४, सुरू' असे दिसते. सभासदाला ते वाचून दाखवल्यावरच नोंद पुढे जाते.

आणखी एक इशारा. इंटरनेटवर 'तुमची फाइल इथे टाका, आम्ही फुकट तपासून देतो' अशा जागा पुष्कळ आहेत. आपल्या फाइलीत सभासदांचे खाते क्रमांक, मोबाइल, काही ठिकाणी आधार असते. ती परक्याच्या दारात नेऊन टाकणे म्हणजे कपाटाची किल्ली वाटेवर ठेवण्यासारखे आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. तपासणीला लागणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि आपल्याच संगणकावर चालतात. म्हणून फाइल कार्यालयाबाहेर न्यायची नाही, असा नियम केला आहे.

सभासदांनी काय करावे?

कुणी म्हणेल, हे सगळं ऑफिसचं काम, आम्हाला कशाला सांगता? पण तुमची लागण कधीची हे तुमच्याइतके खात्रीने कुणालाच ठाऊक नाही. संगणक फार तर 'ही तारीख असू शकते' एवढेच सांगेल. 'हीच तारीख खरी' हे फक्त तुम्ही सांगू शकता.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे आणि उशीर झाला तर दरसाल दर शेकडा १५ प्रमाणे व्याजाची तरतूद आहे. पण खाते क्रमांकच चुकीचा असला आणि बँकेने रक्कम परत पाठवली, तर त्या दिवशी सोसायटीचा हप्ता भरायचा असतो तो तुम्हालाच. तेव्हा नोंदीची पावती मिळाली की ती खिशात घालू नका. तिथेच उभे राहून पाच गोष्टी वाचा, किंवा घरच्या शिकत्या मुला-मुलीकडून वाचून घ्या : सभासद क्रमांक शून्यांसकट बरोबर आहे का, गट नंबर सातबाऱ्याशी जुळतो का, लागणीची तारीख महिन्याच्या नावासकट बरोबर आहे का, क्षेत्र किती आणि कोणत्या मापात, आणि खाते क्रमांक पासबुकाप्रमाणे आहे का. काही चुकले असेल तर आठ दिवसांत पासबुक आणि सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन गटऑफिसात यावे. दुरुस्ती झाली की नवी पावती मागून घ्यावी, तो आपला हक्कच आहे.

आबा परवा पुन्हा आले होते, या वेळी खोडव्याच्या नोंदीला. मदतनिसाने तारीख वाचून दाखवली. आबा म्हणाले, "महिना नावानं सांग, आकड्यानं नको." सर्व सभासदांनी असाच आग्रह धरावा, ही आमची विनंती.

कळावे,
संपादक मंडळ